पत्र्यावरची आई

आमच्या दादाला गावात कुणी नावाने ओळखत नाही. ‘हनुवटी’ म्हणतात. चाळीस वर्षं त्याने फोटो स्टुडिओ चालवला आणि समोरच्या स्टुलावर बसलेल्या प्रत्येकाला आधी तेच सांगितलं, “हनुवटी जरा खाली.” लग्न ठरलेली मुलगी असो, नोकरीच्या अर्जाला फोटो लागतो म्हणून आलेला पोरगा असो, नाहीतर तुरे-बिल्ले लावलेला पोलीस अधिकारी असो, दादाच्या दुकानात सगळ्यांची हनुवटी खाली. घरी वहिनी भांडायला उभी राहिली तरी याच्या तोंडून सवयीने तेच निघायचं. मग भांडण काय वाढायचं विचारू नका.

मी त्याची धाकटी बहीण. त्याच्या शेजारच्याच गाळ्यात माझं शिवणकामाचं दुकान आहे. दोन दुकानांच्या मधे नुसती लाकडी फळी होती, त्यामुळे त्याच्याकडे कोण काय बोललं ते मला मशीन चालू असतानाही ऐकू यायचं. तेव्हा सांगते ते सगळं कानांनी ऐकलेलं आणि डोळ्यांनी बघितलेलं आहे. दादाला राग आला तर येऊ दे. साठी उलटली त्याची, आता रागावून जाणार कुठे?

तर, दादाची खरी कला फोटो काढण्यात नव्हतीच. ती सुरू व्हायची गिऱ्हाईक उठून गेल्यावर. आतल्या अंधाऱ्या खोलीत एक उतरतं टेबल, त्याच्याखाली दिवा, आणि टेबलावर ब्लेडचं पातं, केसाएवढ्या टोकाची पेन्सिल आणि चार केसांचा ब्रश. निगेटिव्ह त्या उजेडावर ठेवून हा तासन्‌तास बसायचा. पुळी गेली, तीळ गेला, डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली, दुहेरी हनुवटीची एकेरी झाली. फोटोचं पाकीट उघडलं की बायका खूश. पुरुष तर त्याहून खूश, फक्त कबूल करायचे नाहीत. “अगदी जसाच्या तसा आलाय हो!” म्हणायचे. डोंबल जसाच्या तसा! पण गिऱ्हाईक सुखी, दादा सुखी, मी कशाला मधे बोलू?

मेलेल्यांचं काम वेगळं. घरात कुणी गेलं की नातेवाईक धावत दादाकडे यायचे. हातात कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो आणि त्यात मागच्या रांगेत अर्धवट दिसणारं, नखाएवढं तोंड. दादा ते तोंड मोठं करायचा, डोळे मिटलेले असले तर उघडून द्यायचा, आणि अंगात कोट घालायचा. हा कोट मी शिवलेला. एक गिऱ्हाईक कापड टाकून गेलं ते परत आलंच नाही, म्हणून कोट तसाच दुकानातल्या पुतळ्यावर पडून होता, मधलं बटण लावायचं राहिलेलं. दादाने त्या पुतळ्याचा एक झकास फोटो काढून ठेवला आणि त्या दिवसापासून गावातला प्रत्येक मेलेला पुरुष त्याच कोटात बसवला. आजही कुठल्याही घरात जा. भिंतीवरचे आजोबा, सासरे, मामा, सगळे एकाच कोटात, आणि सगळ्यांचं मधलं बटण गायब. मी दादाला म्हटलं होतं, बटण लावून देते, दुसरा फोटो घे. तर म्हणे, “मेलेल्याच्या बटणाकडे कोण बघतंय?” आणि खरं सांगते, आजवर एकानेही विचारलेलं नाही. बायकांसाठी दोनपदरी मोत्यांची माळ होती. ज्या बिचारीला जन्मात कधी मणी मिळाला नाही, तिलाही मेल्यावर दादाकडून माळ.

मग आमचे बाबा गेले.

बाबा गिरणीत बॉयलरवर होते. कधीतरी वाफेचा नळ फुटून त्यांची डावी भुवई अर्धी गेली होती आणि तिथे पांढरा वण होता. केस कायम उभे. कोट त्यांनी उभ्या आयुष्यात घातला नाही. लग्नात सासऱ्यांनी दिला होता तो त्यांनी दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाला देऊन टाकला. दादाचा बाबांवर फार जीव. तो रडला नाही, कुणाशी बोलला नाही, अंधाऱ्या खोलीत जाऊन बसला आणि आयुष्यातलं सगळ्यात बारीक काम करून बाहेर आला. भुवई पूर्ण. वण गायब. केस चापूनचोपून बसवलेले. अंगात कोट. फ्रेम सोनेरी.

आईने फ्रेम हातात घेतली, जवळ धरून बघितली, लांब धरून बघितली, आणि अगदी साध्या आवाजात विचारलं, “हे कोण पाहुणे?”

आम्हाला वाटलं दुःखाने बोलतेय. पण नाही. फ्रेम भिंतीवर लागली ती लागली, आईच्या तोंडी मात्र ती कायमची ‘पाहुणे’ झाली. “त्या पाहुण्यांना जरा पुसून घे गं, धूळ बसलीय.” “पाहुणे वाकडे झालेत, सरळ कर.” आणि त्याच दिवशी तिने दादाला बजावून ठेवलं, “माझा फोटो काढायचा नाही. मी जिवंत असताना नाही आणि मेल्यावर तर मुळीच नाही. मला तुझी ती माळ नको.”

आता बघा, गावभरच्या आया, आत्या, आज्या ज्याच्या हाताखालून गेल्या त्याच्याकडे स्वतःच्या आईचा एक फोटो नाही. दिव्याखाली अंधार म्हणतात तो असा. वीस वर्षं हा तिच्यामागे लागला आणि वीस वर्षं ती बधली नाही. घरात कॅमेरा निघाला की ती तोंड फिरवायची, नाहीतर सरळ डोक्यावरून चादर ओढायची. एकदा दुपारी ती झोपलेली असताना हा मांजराच्या पावलांनी पलंगापाशी गेला. तिने एक डोळा उघडला. “मेलेय का ते बघतोयस?” कॅमेरा हातातून पडता पडता वाचला.

मी तेव्हा हसले होते. पण पंच्याऐंशी ओलांडल्यावर आई न्हाणीघरात पाय घसरून पडली आणि मग माझंही हसू पळालं. हाड मोडलं नाही, पण ती आतून हलली. दादा माझ्याकडे येऊन फळीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, “ही गेली तर मी काय बघू गं?” चाळीस वर्षं लोकांचे चेहरे जपून ठेवलेला माणूस. एकही निगेटिव्ह त्याने कधी फेकलं नाही, सगळी पत्र्याच्या डब्यांत आहेत. आणि हवा तो चेहरा नाही. मला तेव्हा त्याची फार कणव आली. तोंडाने मात्र म्हटलं, “स्वतःच्या कर्माची फळं. अजून घाल कोट.”

त्याआधीच स्टुडिओ बंद झाला होता. कारण सांगायला नको, प्रत्येकाच्या खिशात कॅमेरा आला आणि आता लोक आपली हनुवटी आपणच खाली करतात. दादा घरी बसला आणि वहिनीच्या नाकी नऊ आले. भिंतीवरच्या चित्रांपासून ताटातल्या वाट्यांपर्यंत याला सगळं वाकडं दिसायचं. शेवटी वहिनीने वाण्याच्या दुकानाबाहेर एक कागद बघितला: सर्वांसाठी खुली कलाशाळा, वयाची अट नाही, छापकाम शिकवले जाईल. तिने त्याच पावली जाऊन याचं नाव घातलं. दादाला वाटलं छापकाम म्हणजे फोटोचे प्रिंट. अगदी ऐटीत निघाला, गळ्यात कॅमेरा अडकवून, आणि मीही गंमत बघायला मागोमाग गेले. या पोरासोरांना चार गोष्टी आपणच शिकवू म्हणे.

कलाशाळा म्हणजे एक बंद पडलेली लाँड्री. फरशी मधल्या नाल्याकडे उतरती, भिंतींना छातीपर्यंत पांढऱ्या टाइल्स, वर कपडे वाळवायच्या तारा तशाच. त्यांवर आता कपड्यांऐवजी ओले छाप चिमट्यांनी लटकवलेले. आत गेलं की शाईचा आणि रॉकेलचा वास. एका कोपऱ्यात कुंभारकाम, एका कोपऱ्यात कुणी टोपल्या विणतंय, आणि मधोमध यंत्र. दोन जाडजूड लोखंडी रूळ आणि बाजूला जहाजावर असतं तसलं मोठं चाक. चाक फिरवायचं, की पत्रा आणि कागद रुळांमधून दाबून पलीकडे. या सगळ्यावर राज्य एका बाईंचं. नाव काय असेल ते असो, हातात सतत शाईचा रोलर, म्हणून मी त्यांना रोलरबाई म्हणते. शिवाय एक निवृत्त बँकवाले होते, ते लिनोलियमच्या, म्हणजे रबरासारख्या मऊ लादीच्या, तुकड्यावर बदकं कोरायचे. फक्त बदकं. का, ते कुणी विचारलं नाही.

रोलरबाईंनी पहिल्या दिवशी दादाच्या हातात जस्ताचा एक पत्रा आणि एक सुई ठेवली. “यावर ओरखडे काढायचे. ओरखड्यात शाई भरायची, वरची पुसायची, ओला कागद ठेवून दाबायचं. जिथे ओरखडा तिथे रेघ.”

दादाने पत्रा उलटसुलट करून बघितला. “आणि चुकलं तर?”

“तर चूक छापली जाते.”

“नंतर सुधारता येत असेल ना पण?”

“नाही.”

“थोडंफार?”

“काका, तुम्ही आधी काय करायचात?” रोलरबाईंनी विचारलं. दादाने सांगितलं. बाई एवढ्या हसल्या, की बदकवाले कोरायचे थांबून बघायला लागले.

आम्हाला वाटलं, नव्याचे नऊ दिवस. पण दादा चिकटला. त्याची पहिली खुर्ची तीन पायांची आली, दुसरी चार पायांची पण पळतेय अशी. घरी येऊन चिडचिड करायचा आणि दुसऱ्या दिवशी परत जायचा. चाळीस वर्षं ज्याने चुका पुसल्या त्याच्या हातात अशी सुई पडली जी एकही चूक पुसू देत नाही, आणि माणूस त्या सुईवर भाळला. पुरुषांचं काही सांगता येत नाही बाई.

मग वहिनी लेकीच्या बाळंतपणाला गेली. आईला एकटीला ठेवायची सोय नाही, म्हणून सकाळी ती माझ्या दुकानात बसायची आणि माझ्या गिऱ्हाइकांना “हा रंग तुला नाही शोभत” असं तोंडावर सांगून माझा धंदा बुडवायची. दुपारची पाळी दादाची. दादाला कलाशाळा सोडवेना. तेव्हा मीच म्हटलं, घेऊन जाऊ तिलाही. आम्ही दोघांनी धरून तिला त्या लाँड्रीत नेलं आणि खिडकीपाशी खुर्चीत बसवलं. तिने पिशवीतून एक जुनं स्वेटर काढलं आणि उसवायला घेतलं. लोकर गुंडाळायची, गुंडा करायचा; तिला दुसरा उद्योग नकोच असतो.

दादा समोर बसला. हातात पत्रा. मी त्याच्याकडे बघितलं आणि समजून चुकले. थोड्या वेळाने आईने मान वर न करताच विचारलं, “काय करतोयस?”

“पत्रा खरवडतोय.”

“मला खरवडतोयस.”

दादाने सुई खाली ठेवली.

“फोटो आहे का हा?”

“नाही गं. फोटो नाही.”

आईने रोलरबाईंना हाक मारली. “अहो बाई, इकडे या. याला यात नंतर काही घालता येतं का? माळबीळ?”

रोलरबाईंना यातलं काही माहीत नव्हतं. त्यांनी सरळ सांगितलं, “नाही हो आजी. यात नंतर घालता येत नाही आणि असलेलं काढताही येत नाही.”

आईने जरा विचार केला. “मग खरवड,” म्हणाली आणि पुन्हा स्वेटर उसवायला लागली. वीस वर्षांचं भांडण असं मिटलं. मला रडू फुटलं, म्हणून मी टोपल्या बघायला गेले.

तीन-चार दुपारी ती तशी बसली. पत्रा छान झाला होता. पण सुंभ जळला तरी पीळ जात नाही. छापायच्या आदल्या दिवशी दादाने पत्रा घरी आणला आणि त्याला राहवेना. गालावरच्या सुरकुत्या फार खोल गेल्यात म्हणे, जरा हलक्या करतो. घेतली लोखंडी पट्टी आणि बसला घासत. दुसऱ्या दिवशी छाप काढला तर काय! जिथे जिथे घासलं होतं तिथे पत्रा खरबरीत झाला होता आणि त्या प्रत्येक बारीक चरीत शाई जाऊन बसली होती. जेवढ्या सुरकुत्या घालवायला गेला त्याच्या दुप्पट आल्या. शिवाय पत्र्यावरचं छापताना उलटं होतं हे तो विसरलेला, त्यामुळे आईचा डाव्या गालावरचा तीळ उजव्या गालावर. हात दाखवून अवलक्षण! दादा कागद चुरगाळायला निघाला होता, तेवढ्यात आईने हात पुढे केला.

तिने छाप बघितला. जवळून बघितला, लांबून बघितला.

“तीळ चुकला गं,” दादा पडल्या आवाजात म्हणाला.

“आरशात तिकडेच असतो,” आई म्हणाली. मग गालावरच्या त्या काळ्या जाळ्यावरून बोट फिरवलं. बोटाला शाई लागली. “ही बाई ओळखीची वाटते,” म्हणाली आणि हसायला लागली, अशी हसली की तिला ठसका लागला.

दादाने त्या पत्र्याचे नऊ छाप काढले. दहावा तेवढा स्पष्ट निघाला नसता. त्याचं असं असतं, की सुईने ओरखडा काढला की कडेला पत्र्याची बारीक कोर उठते, शाई त्या कोरेत अडकते म्हणून रेघ मखमलीसारखी मऊ येते. पण रुळाखाली दरवेळी ती कोर थोडी थोडी दबते. पहिला छाप आणि नववा छाप शेजारी ठेवले तर नवव्यात आई जरा धुक्यात गेल्यासारखी दिसत होती. दादाने नऊच्या नऊ कागदांखाली पेन्सिलीने क्रमांक घातले आणि खाली अशी झोकात सही ठोकली, की जणू त्यानेच आईला जन्म दिला.

कलाशाळेचं वर्षातून एकदा प्रदर्शन असतं. तारांवर सगळ्यांचे छाप, दारात चहा-बिस्किटं, आणि गावातले लोक मोकळेपणी येऊन बघतात. दादाचे छाप मधल्या तारेवर लागले होते. आई येणार म्हणून तिच्यासाठी हाताची खुर्ची आणली होती. मी आणि वहिनी नटूनथटून गेलो. सगळं कसं छान चाललं होतं, आणि मग रोलरबाई सुई घेऊन आल्या.

त्या यंत्रापाशी उभ्या राहिल्या, लोक गोळा झाले. बदकवाल्यांनी आपला लिनोलियमचा तुकडा पुढे ठेवला आणि बदकाच्या छातीवरून एक लांब चर मारला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी वहिनीला विचारलं, “हे काय खूळ?” तेव्हा रोलरबाईंनीच समजावून सांगितलं. जेवढे छाप काढायचे ठरले तेवढे काढले की पत्रा बाद करायचा. सगळ्यांसमोर त्यावर आडवी रेघ मारायची आणि त्या मारलेल्या पत्र्याचा एक शेवटचा छाप काढून ठेवायचा. ज्यांनी छाप घेतले त्यांना दिलेला शब्द असतो तो, की आता यातून आणखी निघणार नाहीत. ज्याला हे मान्य नाही त्याचं काम इथल्या तारेवर लागत नाही. मग त्या दादाकडे वळल्या. “आणा काका, तुमचा पत्रा.”

“माझा नाही मारायचा,” दादा म्हणाला.

“म्हणजे?”

“म्हणजे नाही मारायचा. बदकाचं ठीक आहे.”

बदकवाल्यांना वाईट वाटलं असावं, त्यांनी आपला तुकडा उचलून घेतला. रोलरबाईंनी हसून घेतलं, पुन्हा समजावलं. दादाने खांद्याला अडकवलेली पिशवी पोटाशी धरली. पत्रा त्या पिशवीत होता हे लहान पोरानेही ओळखलं असतं. बाई म्हणाल्या, नियम सगळ्यांना सारखा. दादा म्हणाला, नियम गेला खड्ड्यात. मला तर त्या बाईचा असा संताप आला! माझ्या आईच्या तोंडावर चर मारायला ही कोण? मीही तोंड सोडलं. वहिनी माझा दंड ओढत होती. लोक बिस्किटं हातात धरून बघत होते.

“अहो, नऊ छाप आहेत ना तुमच्याकडे?” रोलरबाईंचाही आवाज चढला. “आणखी पत्रा ठेवून करायचंय काय?”

आणि दादा ओरडला, “ही गेल्यावर मला परत छापता यायला पाहिजे!”

उचलली जीभ, लावली टाळ्याला. आपण काय बोललो ते बोलून झाल्यावर त्याला कळलं. आई तिथेच होती, चार हातांवर, खुर्चीत, मांडीवर चहाचा कप. सगळ्यांनी आधी तिच्याकडे बघितलं आणि मग कुठे बघावं ते कुणाला कळेना. माझा राग कुठच्या कुठे गेला. लाज वाटली नुसती.

आईने कप बाजूला वहिनीच्या हातात दिला.

“मी गेल्यावर परत छापणार मला?”

दादाने मान हलवली.

“किती वेळा?”

“आई, अगं, तसं नाही...”

“किती वेळा ते सांग की.”

“आठवण आली की,” दादा म्हणाला. “मला भीती वाटते गं आई. डोळ्यांपुढून जाशील म्हणून भीती वाटते.”

एवढा साठीचा बाप्या. लोकांसमोर. मी तोंडात रुमाल कोंबला.

आईने वर तारेकडे बघितलं. पहिला छाप एका टोकाला होता, नववा दुसऱ्या टोकाला. “ती बघ तिकडची,” तिने नवव्याकडे हात केला. “भुवया गेल्या तिच्या. आणखी नऊदा फिरवलास तर नाक जाईल. तू आठवण काढणार आणि मी दरवेळी थोडी थोडी पुसली जाणार. शेवटी हातात काय राहील तुझ्या? कोरा कागद.” मग म्हणाली, “मी एकदाच आहे रे. एवढी आहे ती बघून घे. आण तो पत्रा.”

दादाने पिशवी सोडली नाही. आईने नुसता हात पुढे धरून ठेवला. म्हातारीचा हात, पण खाली जाईना. शेवटी दादाने पत्रा काढला आणि तिच्या मांडीवर ठेवला.

“आता सुई.”

रोलरबाईंनी सुई दिली. त्यांच्याही डोळ्यांत पाणी होतं, हे मी पाहिलं आणि त्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं. आईने पत्र्यावर वाकून स्वतःला नीट बघितलं. कपाळापाशी सुई टेकवली आणि खाली ओढायला लागली. पत्र्यावर सुईचा कर्रर्र आवाज. रेघ डोळ्यापाशी आली तेव्हा तिने सुई वळवली, डोळ्याला बाहेरून वळसा घातला आणि मग गालावरून, हनुवटीवरून खाली कडेपर्यंत नेली.

“डोळ्यावरून नाही मारणार,” ती रोलरबाईंना म्हणाली. “चालेल ना तुमच्या नियमात?”

“चालेल,” रोलरबाई कशाबशा म्हणाल्या.

शेवटचा छाप दादाने काढला. शाई चोळली, फडक्याने पुसली. तेच फडकं त्याने डोळ्यांनाही लावलं, त्यामुळे तोंड काळंमिचकूट झालं, पण हसलं कुणी नाही. ओला कागद ठेवला, चाकाला हात घातला आणि तसाच उभा राहिला.

“फिरव,” आई म्हणाली.

त्याने फिरवलं.

कागद उचलला तेव्हा पहिली दिसली ती रेघच. बाकीच्या रेघा दबून मऊ झालेल्या. ही ताजी, काळीभोर, म्हाताऱ्या हाताने थरथरत काढलेली, आणि डोळ्यापाशी तो वळसा. आईने कागद मांडीवर घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

“ते नऊ वाटायचे त्यांना वाट,” म्हणाली. “हा माझा.”

दादाने सवयीने कानामागची पेन्सिल काढली आणि सही करायला वाकला. आईने कागद बाजूला ओढला.

“तू कशाला सही करतोस?”

“करतात गं. ज्याने काढलं त्याने...”

“तोंड माझं, रेघ मी मारली,” आई म्हणाली. “तू काय केलंस? चाक फिरवलंस.”

दादाने तिच्याकडे बघितलं. मग पेन्सिल तिच्या बोटांत दिली.

“हो आई,” म्हणाला. “चाक फिरवलं.”

ती कागदावर वाकली, एकेक अक्षर जुळवत आपलं पूर्ण नाव लिहायला लागली आणि मान वर न करताच म्हणाली, “आणि माझ्या उजेडातून हट.” दादा बाजूला झाला.